ओळ चांगली आहे, मग नाव कशाला?

“विचार चांगला आहे ना, मग तो कोणाचा का असेना!” घरात, कट्ट्यावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि मोबाइलवरच्या गटांत हे वाक्य आता इतक्या सहज तोंडी येते, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. सकाळी उगवत्या सूर्याच्या चित्रावर चार भावुक ओळी येतात आणि खाली पु. ल. देशपांडे असे नाव असते. दुपारी त्याच ओळी व. पु. काळे यांच्या नावाने येतात, रात्री नावाशिवाय. हे पुलंच्या कोणत्या पुस्तकात आहे, असे कुणी विचारलेच, तर तो खुसपटे काढणारा ठरतो आणि वरचे वाक्य त्याला ऐकवले जाते.

त्या वाक्यामागे तीन युक्तिवाद आहेत. एक, चांगला विचार सगळ्यांचा असतो, त्यावर मालकी कसली? दोन, आपली परंपराच अनामिकतेची. ओव्यांना, म्हणींना, लोकगीतांना कुठे कर्ता होता? तीन, नाव चुकले तरी निदान चार चांगल्या गोष्टी लोकांपर्यंत पोहोचतात. तिन्ही ऐकायला उदार वाटतात. तिन्ही चूक आहेत, आणि दुसरा तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला धरूनच नाही. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी.

मराठी संतांनी आपली रचना सही केल्याशिवाय सोडलेली नाही. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’ ही शेवटच्या चरणातली नाममुद्रा म्हणजे अभंगाच्या रचनेचाच भाग. जनाबाईने स्वतःची ओळख नामदेवांची दासी म्हणून दिली, पण दिली. चोखोबांना देवळाच्या पायरीच्या वर जाता आले नाही. त्यांचे नाव मात्र अभंगाच्या शेवटच्या चरणात ठामपणे उभे आहे. तो चरण गाळून वरच्या तीन ओळी ‘सुविचार’ म्हणून फिरवल्या, तर भक्तीबद्दलचे एक गोड वचन उरते. ते देवळाबाहेर ठेवलेल्या माणसाने म्हटले आहे, ही गोष्ट नाहीशी होते. त्या शब्दांची सगळी धग तर तिच्यातच आहे.

या परंपरेत पाठ जपण्याबद्दल किती कळकळ होती, याचे उत्तर पैठणला मिळते. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 मधली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात कुठे शब्द बदलले, कुठे पदरच्या ओव्या घातल्या. एकनाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या, शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि या ग्रंथात कुणी आपली ओवी मिसळू नये, असे कडक शब्दांत बजावून ठेवले. ओव्या घालणारे काही दुष्ट नव्हते. त्यांना ज्ञानेश्वरी आवडत होती, आणि आपली ओवीही चांगलीच आहे असे त्यांना वाटत होते. ‘ओळ चांगली आहे ना’ हा आजचा युक्तिवाद त्यांचाच. एकनाथांनी तो सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळापूर्वी फेटाळला. नाथभागवत लिहिणाऱ्या या माणसाला ज्ञानेश्वरांच्या तोडीची एखादी ओवी आत सरकवून देणे अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही, आणि हीच त्यांची ज्ञानेश्वरांवरची भक्ती.

आजच्या वारकरी कीर्तनात हीच शिस्त जिवंत आहे. निरूपण करताना कीर्तनकार मुद्दा मांडतो आणि त्याला आधार म्हणून संतवचन देतो. या आधाराला वारकरी ‘प्रमाण’ म्हणतात. प्रमाण देताना ते ज्ञानोबारायांचे, नाथांचे की तुकोबारायांचे हे सांगायची रीत आहे. मागे उभे असलेले टाळकरी पाठांतराचे पक्के असतात. कीर्तनकाराने पहिले दोन शब्द उच्चारायचा अवकाश, की पुढचा चरण ते उचलतात. अशा मेळ्यात एकाचे वचन दुसऱ्याच्या नावावर खपवायला गेले तर ते तिथल्या तिथे उघडे पडते. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या माणसांनी शतकानुशतके जे सांभाळले, ते हातात शोधयंत्र असलेल्या माणसाला जमू नये, याला परंपरा म्हणता येत नाही.

मग जात्यावरच्या ओव्यांचे काय? त्या तर खरोखरच अनामिक आहेत. कुणी रचल्या, कधी रचल्या, हे कळायला मार्ग नाही. पण या ओव्यांवर प्रेम करणाऱ्यांनी काय केले ते पाहावे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदवले गेले. मूळ कर्ती सापडत नाही, तर निदान जिच्या गळ्यातून ती आपल्यापर्यंत आली तिचे नाव तरी हरवू नये, ही त्यामागची भावना. अनामिक वाङ्मयाला आदर देण्याची रीत ही अशी असते.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारे आहे. जळगावजवळच्या आसोद्याची ही शेतकरी बाई, जन्म 1880 चा, लिहिता-वाचता न येणारी. दळताना, कांडताना, शेतात राबताना ती गाणी रचायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. घरातल्यांनी ती गाणी टिपून ठेवली होती. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघाले. त्या वहीवर आईचे नाव नसते, तर ही गाणी खानदेशी लोकगीते म्हणून सहज खपून गेली असती आणि कुणाला काही चुकल्यासारखेही वाटले नसते. पण मग एका निरक्षर कष्टकरी बाईने एकटीने हे सारे रचले, ही मराठी कवितेतली केवढी मोठी घटना आपल्या हातून निसटली असती. तेव्हा नावाने काय फरक पडतो, असे विचारणाऱ्याने एकदा सोपानदेवांच्या जागी बसून पाहावे.

आता पहिला युक्तिवाद: चांगल्या विचारावर मालकी कसली? याचे उत्तर देणारा चित्रपट मराठीत 1936 मध्येच तयार झाला. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जिजाईच्या भूमिकेत गौरी. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आवडते जुने चित्रपट एकमेकांना सुचवणाऱ्या मराठी माणसांच्या यादीत तो हमखास असतो, आणि असायलाच हवा. या चित्रपटातला खलनायक कोण? सालोमालो. त्याचा गुन्हा कोणता? सुरुवातीलाच तुकोबा तल्लीन होऊन भजन गाताना दिसतात. पाठोपाठ देवळात तेच भजन सालोमालो दिमाखात गातो आणि स्वतःचे म्हणून मिरवतो. हे पात्र पटकथाकाराने हवेतून आणलेले नाही. आपल्या रचना स्वतःच्या नावावर मिरवणाऱ्या सालोमालोचा समाचार तुकारामांनी गाथेतच घेतला आहे.

इथे क्षणभर थांबून विचार करावा. सालोमालोच्या तोंडचे शब्द वाईट नाहीत; ते तुकोबांचेच आहेत. विचार तितकाच चांगला, चालही मंदिरात शोभणारी, ऐकणाऱ्यांनाही आनंदच होतो आहे. ‘ओळ चांगली आहे ना’ हाच निकष असेल, तर सालोमालोने काहीच चूक केलेली नाही. तरीही पडद्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला त्याचा संताप येतो. कारण ते शब्द ज्याने जगून मिळवले तो माणूस आपल्याला नुकताच दिसलेला असतो.

आणि याच चित्रपटाच्या नशिबी पुढे काय आले? त्यात बीज आणि वृक्षाच्या दृष्टान्तावरचे एक पद आहे. एका बीजातून झाड, झाडातून कोटी झाडे, आणि शेवटी सगळे एकच, असा त्याचा आशय. चित्रपटासाठी ते लिहिले शांताराम आठवले यांनी, संगीत दिले केशवराव भोळे यांनी. पद इतके जमले, की लोकांनी ते तुकारामांचेच मानले. आजही भजनी मंडळांत, शाळांच्या कार्यक्रमांत ते बेधडक तुकोबांच्या नावाने गायले जाते. ऐकणाऱ्याने कान जरा उघडे ठेवले तरी शंका यायला हवी, कारण त्या पदाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ नाही. आठवल्यांनी तुकोबांच्या धाटणीत लिहिले, पण तुकोबांची मुद्रा उचलली नाही. केवढा हा सभ्यपणा! आणि त्याचे फळ म्हणून आपण त्यांचे नाव पुसून टाकले. ‘कुंकू’ आणि ‘शेजारी’ची गाणी लिहिणारा, पुढे ‘वहिनीच्या बांगड्या’ दिग्दर्शित करणारा हा माणूस त्याच्या सर्वोत्तम पदाच्या बाबतीत निनावी राहिला.

नावांची ही अदलाबदल बहुतेक वेळा एकाच दिशेने होते. लहानाचे मोठ्याच्या नावावर जाते. मोठ्याचे लहानाच्या नावावर क्वचितच येते. प्रयत्न करणारा हरत नाही अशा आशयाची एक हिंदी कविता मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनांतही हरिवंशराय बच्चन यांच्या नावाने म्हटली जाते. ती सोहनलाल द्विवेदी यांची आहे, हे खुद्द अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितले. तरीही ती चूक थांबलेली नाही. मतस्वातंत्र्यावरच्या प्रत्येक मराठी परिसंवादात व्हॉल्टेअरच्या तोंडी घातले जाणारे, तुमचे मत पटले नाही तरी ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी लढेन अशा आशयाचे प्रसिद्ध वचन व्हॉल्टेअरचे नाही. एव्हलिन बिअॅट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने टोपणनावाने लिहिलेल्या 1906 च्या पुस्तकात त्याची वृत्ती स्वतःच्या शब्दांत सांगितली होती. व्हॉल्टेअर तर 1778 मध्येच वारला. लेखनस्वातंत्र्याचा गौरव करताना एका लेखिकेचे लेखन तिच्याकडून काढून घ्यायचे, आणि वर विचार सगळ्यांचा असतो म्हणायचे, हे न्यायाला धरून नाही. विचार सगळ्यांचा जरूर असतो. पण तो एका विशिष्ट वाक्यात बसवायला कुणाला तरी रात्री जागाव्या लागलेल्या असतात, आणि श्रेय त्या जागरणाचे असते.

प्रश्न फक्त श्रेयाचा असता तरी पुरेसा होता. पण नाव-गाव सुटले की अर्थही हलतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेतल्या इंग्रजी भाषणात दिलेला तीन क्रियापदांचा संदेश घ्यावा. तिथे क्रम आहे शिक्षण, मग चळवळ, मग संघटन. मराठीत जो क्रम भिंतीभिंतींवर रंगवलेला दिसतो त्यात संघटन मध्ये आले आणि संघर्ष शेवटी गेला. आधी लोकांची मने चेतवायची आणि त्यातून संघटना उभी करायची, की आधी संघटना बांधून मग लढ्यात उतरायचे, हा चळवळीच्या दृष्टीने साधा फरक नव्हे. यावर अभ्यासकांनी लिहिले आहे, वाद घातले आहेत. हा वाद घालता येतो, कारण भाषणाची जागा आणि तारीख ठाऊक आहे. ठिकाण नसलेल्या वाक्याबद्दल वादसुद्धा करता येत नाही. नुसती मान डोलवता येते.

‘श्यामची आई’चेही असेच झाले आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. अत्र्यांनी त्यावर काढलेला 1953 चा चित्रपट राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट ठरला. पुस्तकातला, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, असा आईचा उपदेश पालकांच्या गटांत सतत फिरत असतो. पण तिथे त्या उपदेशाआधी काय घडते? अंघोळ झालेल्या लहानग्या श्यामला ओल्या पायांना माती लागायला नको आहे. त्याच्या हट्टासाठी आई आपल्या लुगड्याचा ओचा दगडावर पसरते. तो त्यावर पाय ठेवतो. ओचा ओला होतो. मग आई ते बोलते. ओल्या लुगड्याशिवाय ते वाक्य म्हणजे शाळेच्या फळ्यावरचा सुविचार. ओल्या लुगड्यासकट ती श्यामची आई आहे. आणि त्याच पुस्तकात कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने केलेला अपमान आहे, जप्ती आहे, आजारपणात झिजत गेलेली तीच बाई आहे. गोड वाक्य तेवढे कापून घेणाऱ्यांना हे पुस्तक कोकणातल्या एका घराच्या आर्थिक मोडतोडीची कहाणी आहे, हे सांगावेसे वाटत नाही. ज्यांना पुस्तक खरोखर आवडते त्यांना ते सांगावेसे वाटायला हवे.

राहिला तिसरा युक्तिवाद, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे: निदान लोकांपर्यंत काही पोहोचते तरी. कुणाला तरी ओळ आवडेल, मग तो पुस्तकाकडे वळेल. असे व्हावे अशी कुणाची इच्छा नसेल? पण वळणार कुठे? निवडणुकीनंतर सरकार बनू-मोडू लागले, की ‘सिंहासन’मधल्या तुकड्यांना ऊत येतो. निळू फुल्यांनी साकारलेला पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसतो, तो प्रसंग हजारो मोबाइलवर पोहोचतो. एखाद्या वीस वर्षांच्या मुलाला तो पाहून वाटले, की हे कुठले, याच्या मागेपुढे काय आहे, तर त्याला पुढचा रस्ता दिसायला हवा. चित्रपट 1979 चा, दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि या सगळ्याचा पाया अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या. एवढे दोन ओळींत लिहिले, तर तो मुलगा गावच्या वाचनालयात जाऊन साधूंचे पुस्तक मागू शकतो. लिहिले नाही, तर तो प्रसंग पत्ता नसलेल्या पाकिटासारखा हातोहात फिरतो आणि कुठेच पोहोचत नाही.

चुकीचे नाव तर त्याहून वाईट, कारण ते रस्ता चुकवते. पुलंच्या नावावर खपवलेल्या साखरपाकातल्या ओळी वाचून ज्याची पुलंशी पहिली ओळख होते, त्याला वाटते पुलं म्हणजे नात्यागोत्यांवर उपदेश करणारे कुणी गृहस्थ. 1965 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले ‘व्यक्ती आणि वल्ली’ त्याने उघडलेलेच नसते. रत्नागिरीच्या अंतू बर्व्याचा तिरकसपणा, त्या तिरकसपणाखाली दडलेले दारिद्र्य आणि एकटेपण, यांतले काहीही त्या खोट्या ओळींत नाही. पुलं उपदेश करत नसत. माणूस समोर उभा करून बाजूला होत. बनावट ओळ त्यांची ही सगळी कला झाकते. वपुंच्या बाबतीत काहीजण म्हणतात, की ‘वपुर्झा’ हे तर वेच्यांचेच पुस्तक, मग वेचे वाटले तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. फक्त ते वेचे वपुंचे असावेत, आणि ज्या पुस्तकातून घेतले त्याचे नाव खाली असावे.

आवडते वाटून घेण्याची उत्तम रीत कोणती, हे ज्यांच्या नावावर आज सर्वाधिक खोटे खपते त्या पुलंनीच दाखवून ठेवले आहे. पुलं आणि सुनीताबाईंनी मर्ढेकर, बा. भ. बोरकर, आरती प्रभू यांच्या कवितांच्या जाहीर वाचनाचे कार्यक्रम केले. एक कवी घ्यायचा, त्याच्या कविता संपूर्ण वाचायच्या, शब्दाला धक्का लागू द्यायचा नाही, आणि लोकांना त्या कवीच्या संग्रहाकडे पाठवायचे. सुनीताबाई कविता पाठ म्हणायच्या आणि त्यांतल्या एकेका शब्दाबद्दल अत्यंत काटेकोर होत्या. बर्नार्ड शॉच्या नाटकावरून ‘ती फुलराणी’ करताना किंवा हेमिंग्वेच्या कादंबरीवरून ‘एका कोळियाने’ लिहिताना पुलंनी मूळ लेखकाचे नाव लपवले नाही. दुसऱ्याचे आवडलेले काम लोकांसमोर नेताना त्याचे नाव पुढे धरायचे, ही त्यांची रीत होती. त्यांच्या चाहत्यांनी निदान तिचा मान राखावा.

यावर कुणी म्हणेल, सामान्य माणसाने प्रत्येक ओळ तपासत बसायची का? नाही. आठवणीतून बोलताना चूक होते, ती सगळ्यांचीच होते, आणि गप्पांच्या बैठकीत कुणी तळटीप मागत नाही. मागणी एवढीच आहे, की लिहून पाठवताना चार गोष्टी जोडाव्यात: कर्ता, कृती, वर्ष आणि जमले तर प्रसंग. ठाऊक नसेल तर ‘कर्ता माहीत नाही’ असे लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट ठाऊक असलेला कुणी पुढे येऊन नाव सांगण्याची शक्यता वाढते. केवळ ओळ वजनदार दिसावी म्हणून मोठे नाव चिकटवू नये. आणि कुणी चूक दाखवली, तर त्याला खडूस म्हणण्याऐवजी दुरुस्ती त्याच गटात, तितक्याच उत्साहाने पाठवावी. हे सगळे मिळून एका मिनिटाचे काम आहे.

सुरुवात सोपी आहे. यापुढे कुठल्या भजनात, कुठल्या शाळेच्या कार्यक्रमात बीज आणि वृक्षाचे ते पद कानावर आले आणि निवेदकाने तुकोबांचे नाव घेतले, तर कार्यक्रम संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन शांतपणे सांगावे: हे पद 1936 च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातले आहे, आणि ते शांताराम आठवले यांनी लिहिले आहे.